कुलूप भक्कम आहे, पण चावी कुणाकडे?

(पोस्ट मोठी आहे. ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर आत्ता वाचा, नाहीतर रात्री जेवणं आटोपल्यावर.)

मागच्या महिन्यात जोगेश्वरी पूर्वेला एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. मुलीच्या शाळेचा एक फॉर्म प्रिंट करायचा होता. पद्धत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. भिंतीवर नंबर लिहिलेला असतो, त्यावर फाईल व्हॉट्सॲप करायची, दुकानदार ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतो आणि प्रिंट मारतो. माझी फाईल कुठे आहे ते दाखवायला मी स्क्रीनकडे वाकलो आणि नजर तिथेच अडकली. कुणाचं आधार, कुणाचं पॅन, कुणाचा जातीचा दाखला, पगाराची स्लिप, भाडेकरार. एका बाईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट होता, वर पूर्ण नाव, वय, पत्ता. किती दिवसांचं साठलं होतं कोण जाणे.

मी म्हटलं, "दादा, हे डिलीट नाही करत?"

"करतो ना. जागा भरली की करतो." मग हसून म्हणाला, "आणि साहेब, कोण बघतंय?"

माणूस वाईट नाही. वीस वर्षं ओळखतो मी त्याला. पण त्याचा तो प्रश्न घरी येईपर्यंत डोक्यात फिरत राहिला. कोण बघतंय? इतिहास थोडा चाळला की कळतं, कोणी ना कोणी कायम बघत आलंय. आणि माणसं कायम काहीतरी झाकत आली आहेत, कागदावर, कापडाखाली, आता कॉम्प्युटरमध्ये. आजची पोस्ट त्याच झाकण्याच्या इतिहासावर. शेवटी माझ्या स्वतःच्या एका मूर्खपणाची गोष्टही सांगणार आहे.

आपल्याकडे फाईल म्हणजे काय

बाहेरच्या माणसाला "पर्सनल फाईल" म्हटलं की फोटो आणि पत्रं आठवतील. जोगेश्वरीत फाईल म्हणजे घर. १९७६ साली मुंबईतल्या झोपड्यांची गणना झाली आणि लोकांना फोटोपास मिळाले. पुढे १ जानेवारी १९९५ ही तारीख आली, मग १ जानेवारी २०००. त्या तारखेआधी तुम्ही इथे राहत होतात हे कागदावर दाखवता आलं तर तुम्ही पात्र, नाहीतर चाळीस वर्षं राहूनही अपात्र. म्हणून प्रत्येक घरात एक पिशवी असते. जुनं लाईट बिल, रेशनकार्ड, मतदारयादीतल्या पानाची प्रत, फोटोपास. आमच्या घरी ती पत्र्याच्या ट्रंकेत होती. ट्रंकेला कुलूप, आणि कुलपाची चावी आईच्या कमरेला.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो दिवस. आमची खोली नाल्याच्या बाजूला. पाणी चढत चढत ट्रंकेच्या वर गेलं. कुलूप शाबूत होतं. आतले कागद मात्र लगदा व्हायचे बाकी राहिले होते. दोन दिवस पंख्याखाली दोरीवर कागद वाळत घातले होते, पापडासारखे. वडिलांच्या फोटोपासवरची शाई पसरली होती, फोटोतला चेहरा अर्धा गेला होता. कुलूप चोरापासून वाचवतं, पाण्यापासून नाही, हा धडा तेव्हा मिळाला. ही ट्रंक लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

मोत्ये, मोहरा आणि रुमाल

गुपित लिहिण्याची कला आपल्याकडे नवी नाही. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांमध्ये म्लेच्छितविकल्प नावाची एक कला आहे, म्हणजे सांकेतिक भाषेत लिहिणं-बोलणं. मराठीत करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द आहेत, हाताच्या आणि डोळ्यांच्या खुणांनी बोलायचं. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून बैलाचा भाव ठरवतात, शेजारी उभा असलेल्याला आकडा कळत नाही.

यातली सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात दुःखाची गोष्ट पानिपतची. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघाले होते आणि भेलसा, म्हणजे आजचं विदिशा, इथवर पोचले होते. तिथे त्यांच्या हाती एका सावकाराचं पत्र लागलं, असं इतिहासकार सांगत आले आहेत. पत्रात व्यापाऱ्याची भाषा होती. दोन मोत्ये गेली, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपया-खुर्दा किती गेला त्याला मोजमाप नाही. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे मोठे सरदार, खुर्दा म्हणजे साधे शिपाई. पेशव्यांना अर्थ लगेच कळला. त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत, त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात पर्वतीवर वारले.

आपण ही गोष्ट शाळेत ऐकली ती दुःखाची म्हणून. आता जरा वेगळ्या बाजूने बघा. पत्र पेशव्यांच्या नावाचं नव्हतं. ते एका सावकाराचं खासगी पत्र होतं आणि राज्यकर्त्याने ते वाटेत उघडून वाचलं. सावकाराने भाषा बदलून ते झाकलं होतं, पण झाकण पातळ होतं. थोडी परिस्थिती माहीत असलेल्या कुणालाही ते उलगडलं असतं. या एका पत्रात पुढचा सगळा इतिहास आहे. माणूस झाकणार, सत्ता उघडणार, आणि प्रश्न एवढाच की झाकण किती जाड.

पोस्ट, तार आणि एक गुप्त रेडिओ

इंग्रज आले, पोस्ट आली, तार आली. त्यासोबत १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १८९८ चा पोस्टाचा कायदा आला. दोन्हींत सरकारला संदेश अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार. गंमत म्हणजे साहेब गेला, कायदे राहिले. स्वतंत्र भारतात फोन टॅप होत राहिले ते याच १८८५ च्या कायद्याखाली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर नियमांची चौकट घातली. २०२३ साली दोन्ही विषयांवर नवे कायदे झाले, अडवण्याचा अधिकार त्यातही आहे.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये याच मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांची गाडी लहरींचा माग काढत फिरायची, म्हणून यंत्र सतत जागा बदलायचं. यंत्राला पोलीस सापडले नाहीत म्हणा किंवा पोलिसांना यंत्र, पण तीन महिने हा खेळ चालला. १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली. यंत्र हुकलं नव्हतं, माणूस फुटला होता. माहितगार तंत्रज्ञाकडून पोलिसांना पत्ता मिळाला. उषाबेन मात्र महिनोन् महिने चौकशी होऊनही बोलल्या नाहीत. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला गेल्या, १९४६ मध्ये सुटल्या. त्याच खटल्यात कुलूप फुटलंही माणसामुळे आणि टिकलंही माणसामुळे.

लालबागचं कुलूप आणि गणिताचं कुलूप

कुलपाचा विषय निघाला की मुंबईकराने लालबागचं नाव घ्यायलाच हवं. १८९७ साली आर्देशिर गोदरेज यांनी लालबागमध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. त्याच कंपनीने पुढे विक्रोळीत, म्हणजे आपल्या लिंक रोडच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या बनवल्या. मतपेटी ही किती सुंदर कल्पना आहे बघा. पेटी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, ती कशी चालते हे सगळ्यांना माहीत असतं, तरी आतलं मत कुणाचं ते कुणालाच कळत नाही.

कॉम्प्युटरवरचं एन्क्रिप्शन याच तत्त्वावर चालतं. ऑगस्त केर्कहॉफ्स नावाच्या भाषातज्ज्ञाने १८८३ साली मांडलं होतं की कुलपाची रचना शत्रूला कळली तरी चालेल अशी असावी, गुप्त फक्त चावी असावी. तुमची फाईल म्हणजे शेवटी आकड्यांची रांग. सॉफ्टवेअर ती रांग एका मोठ्या आकड्याच्या, म्हणजे चावीच्या मदतीने अशी ढवळतं की चावीशिवाय ती नुसता कचरा दिसते. चावी दिली की पुन्हा जशीच्या तशी. पद्धत जगजाहीर आहे, गुपित फक्त तो आकडा.

१९७७ साली अमेरिकेने डीईएस ही पद्धत प्रमाण मानली. तिची चावी ५६ बिटची, म्हणजे शक्य चाव्यांची संख्या १७ अंकी. तेव्हा ती अफाट वाटली. १९९८ मध्ये एका अमेरिकन नागरी हक्क संस्थेने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक यंत्र बनवलं आणि ५६ तासांत चावी शोधून दाखवली. त्यानंतर २००१ मध्ये एईएस आली. ती बनवली होती बेल्जियमच्या दोघांनी, योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन. तिची २५६ बिटची चावी घेतली तर शक्य चाव्यांची संख्या ७८ अंकी होते. एकेक चावी लावून बघायला विश्वाचं आयुष्यही पुरणार नाही.

हे कुलूप सामान्य माणसाच्या हाती आलं ते १९९१ मध्ये. फिल झिमरमन या प्रोग्रामरने पीजीपी नावाचं सॉफ्टवेअर फुकट वाटलं. अमेरिकेच्या कायद्यात तेव्हा भक्कम एन्क्रिप्शन हे युद्धसामग्रीत मोडायचं, ते परदेशी पाठवणं म्हणजे तोफ पाठवण्यासारखं. त्यांच्यामागे चौकशी लागली. मग त्यांनी काय केलं, सगळा प्रोग्राम पुस्तक म्हणून छापला. सॉफ्टवेअर निर्यात करायला बंदी, पुस्तक निर्यात करायला नाही! १९९६ मध्ये सरकारने खटला न भरता प्रकरण सोडून दिलं.

२००४ मध्ये ट्रूक्रिप्ट आलं. त्याने फाईल नुसती बंद होत नाही, कॉम्प्युटरवर एक अख्खा बंद डबा तयार होतो. पासवर्ड दिला की डबा पेन ड्राईव्हसारखा उघडतो, काम झालं की बंद. या कुलपाची खरी परीक्षा ब्राझीलमध्ये झाली. जुलै २००८ मध्ये तिथल्या पोलिसांनी डॅनियल डँटास या बँकरच्या घरातून पाच हार्ड डिस्क जप्त केल्या. तिथल्या तज्ज्ञांनी पाच महिने प्रयत्न केला, उघडल्या नाहीत. मग डिस्क अमेरिकेला एफबीआयकडे गेल्या. त्यांनीही वर्षभर डोकं आपटलं आणि एप्रिल २०१० मध्ये डिस्क तशाच परत पाठवल्या. त्या पोलिसी मोहिमेचं नाव काय होतं माहीत आहे? सत्याग्रह. गांधीजींचा शब्द रिओपर्यंत पोचला आणि तिथे एका पासवर्डपुढे थांबला.

सरकारला चावी का हवी असते

आता दुसरी बाजू. पोलीस काही रिकामटेकडेपणाने चावी मागत नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेकी आणि सीमेपलीकडचे त्यांचे सूत्रधार इंटरनेटवरून जोडलेल्या फोनने बोलत होते, आणि आपल्या यंत्रणांना ते ऐकता आलं म्हणून तर पुरावा उभा राहिला. ज्या शहराने ते तीन दिवस पाहिले त्या शहरात "पोलिसांना काहीच दिसता कामा नये" असं म्हणणं सोपं नाही. मी म्हणणारही नाही.

पण मागणी कुठवर जाते तेही बघा. २०१० मध्ये सरकारने ब्लॅकबेरी कंपनीला बंदीचा इशारा दिला, कारण तिचे संदेश वाचता येत नव्हते. पुढे कंपनीने इथे मुंबईतच सर्व्हर बसवला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये रीतसर आदेश आल्यावर माहिती उलगडून द्यायला मदत केली नाही तर सात वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तर राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा एक मसुदा आला. त्यानुसार नागरिकाने पाठवलेल्या कूट संदेशाची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवायची आणि मागितली की दाखवायची. म्हणजे कुलूप लावा, पण सामानाची एक प्रत बाहेर ओट्यावर ठेवा. देशभर इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच, २२ सप्टेंबरला, मसुदा मागे घेतला गेला. दोन वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

मग पोलीस तुमच्याकडून पासवर्ड जबरदस्तीने घेऊ शकतात का? इथे एक जुना, आपल्याच राज्यातून गेलेला खटला कामाला येतो. मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड, १९६१. अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ठरवलं की आरोपीच्या बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. राज्यघटनेच्या कलम २०(३) चं संरक्षण डोक्यातल्या माहितीला आहे, बोटाच्या रेषांना नाही. तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं की एक दिवस बोटच कुलपाची चावी होईल. आज त्याच निकालाच्या आधारे वाद चालतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड देणं म्हणजे साक्ष नव्हे असं म्हटलं. दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये उलट म्हटलं, पासवर्ड डोक्यात असतो म्हणून सक्ती नाही, बोट मात्र ठेवायला सांगता येईल. तेव्हा पुढच्या वेळी फोनला अंगठा लावाल तेव्हा आठवा, तुमचा अंगठा आणि तुमची आठवण यांच्यात कायदा फरक करतोय.

कुलूप काय करत नाही

इथे एक गैरसमज काढायला हवा. लोक म्हणतात, व्हॉट्सॲप तर एन्क्रिप्टेड आहे, मग कशाला काळजी? बरोबर, २०१६ पासून आहे. पण ते पाकिटाचं कुलूप आहे, वाटेपुरतं. दुकानदाराने तुमची फाईल स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवली की पाकीट फाटलं, आतला कागद टेबलावर उघडा.

दुसरं, डिस्कचं कुलूप बंद कॉम्प्युटरला वाचवतं. लॅपटॉप ट्रेनमध्ये राहिला, चोरीला गेला, दुरुस्तीला दिला, तर उपयोग. पण कॉम्प्युटर चालू आहे, तुम्ही पासवर्ड देऊन आत बसला आहात आणि एखाद्या ईमेलमधून चोर आधीच आत शिरलाय, तर त्याच्यासाठीही सगळं उघडंच. महाराष्ट्रातल्या एल्गार परिषद प्रकरणात हाच मुद्दा आहे. आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन कंपनीने २०२१ मध्ये दावा केला की एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून सॉफ्टवेअर घुसवून कागदपत्रं पेरली गेली. तपास यंत्रणेने तो दावा मान्य केलेला नाही. खरं काय ते न्यायालय ठरवेल. आपल्यापुरता धडा एवढाच, की घरात शिरलेल्या माणसाला दाराचं कुलूप काय करणार?

तिसरं म्हणजे कुलपावरच चावी लिहिलेली असणं. तुम्ही उतरवून घेता त्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो. कोणता? इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. तुमचं नाव आणि वय माहीत असलेला कुणीही, म्हणजे अख्खी चाळ, ते उघडू शकते. पानिपतच्या पत्रासारखं पातळ झाकण.

माझी हार्ड डिस्क आणि पणजोबांची मोडी

आता कबुली. २०१३ च्या जूनमध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकेच्या पाळतीची कागदपत्रं बाहेर काढली. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला, तालुक्याच्या पेपरात काही वर्षं काढून परत जोगेश्वरीत आलेला, बातमीचं वेड होतंच. म्हटलं, आपणही सावध व्हायला हवं. पुरातून वाचलेले घरचे सगळे कागद मी स्कॅन करून ठेवले होते, फोटोपास, जुनी बिलं, वडिलांच्या गिरणीचे कागद. शिवाय पुनर्विकासाबद्दल लोकांनी विश्वासाने दिलेल्या मुलाखती. सगळं ट्रूक्रिप्टच्या डब्यात टाकलं. पासवर्ड लांबलचक, हुशारीचा. कुठेही लिहून ठेवला नाही, कुणाला सांगितला नाही. उषा मेहतांच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं होतं.

तीन वर्षांनी आमच्या वस्तीत पात्र लोकांची यादी करायचं काम निघालं आणि १९७६ चा फोटोपास हवा झाला. मूळ कागदावरची शाई तोवर पार उडाली होती. स्कॅन डब्यात. पासवर्ड... पहिले दोन शब्द आठवत होते, तिसरा नाही. शेकडो जोड्या लावून पाहिल्या. लॅमिंग्टन रोडला गेलो, दुरुस्तीवाल्याने कॉफी पाजली आणि हात जोडले. जिथे एफबीआय वर्षभर बसून थकली तिथे तो बिचारा काय करणार? मधल्या काळात, मे २०१४ मध्ये, ट्रूक्रिप्ट बनवणाऱ्यांनी ते अचानक बंदही केलं होतं. पुढे तज्ज्ञांनी त्याची तपासणी केली, २०१५ मध्ये निष्कर्ष आला की त्यात चोरदरवाजा सापडला नाही. जगासाठी चांगली बातमी होती. मला वाईट वाटलं.

शेवटी वाचवलं कुणी? शेजारच्या काकींनी. त्यांनी १९९५ च्या धामधुमीत सगळ्या गल्लीच्या कागदांच्या झेरॉक्स एका बासनात बांधून माळ्यावर ठेवल्या होत्या. पूर तिथवर पोचला नव्हता. आठ महिन्यांच्या खेटांनंतर आमचं नाव लागलं. मुलाखती मात्र गेल्या त्या गेल्याच. त्यातली दोन माणसं आज हयात नाहीत. ती हार्ड डिस्क अजून कपाटात आहे, फेकवत नाही.

तेव्हा मला गावच्या घरातले पणजोबांचे मोडीतले कागद आठवले. ते कुणी कुलुपात ठेवले नव्हते. साधे जमिनीचे व्यवहार, तेव्हा कुणीही शिकलेला माणूस वाचेल असे. स्वातंत्र्यानंतर शाळेतून मोडी गेली आणि एक-दोन पिढ्यांत आपले स्वतःचे कागद आपल्यालाच परके झाले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. लाखो घरांचा हक्क कागदावर होता, पण चावी हरवलेली. कुलूप न लावताही कागद बंद होतो, जर वाचणारा उरला नाही तर.

तर मग काय करायचं

इतका इतिहास पाहून मला एकच गोष्ट पटली आहे. कुलूप हा प्रश्न आता सुटलेला आहे. जगातलं सगळ्यात भक्कम कुलूप फुकट मिळतं. उरलेला सगळा प्रश्न चावीचा आहे, कुणाकडे असावी, कुणाकडे नसावी. चावी दुकानदाराकडे, कंपनीकडे किंवा सरकारकडे सहज पडलेली नसावी. पण ती एकट्या आपल्या डोक्यातही नसावी.

बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली. घरच्या फाईलसाठीही काहीसं तसंच करा. ट्रूक्रिप्टच्याच पायावर २०१३ पासून चालत आलेलं व्हेराक्रिप्ट आहे, फुकट आहे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर येतं, ॲपलच्या कॉम्प्युटरमध्ये फाईलव्हॉल्ट. एखादीच फाईल पाठवायची तर सेव्हन-झिपने पासवर्ड घालून पाठवा आणि पासवर्ड त्याच मेसेजमध्ये लिहू नका, फोन करून सांगा. पासवर्ड म्हणजे मुलाचं नाव आणि जन्मसाल नको, एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या. आणि तो पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून घरातल्या एका विश्वासाच्या माणसाकडे द्या. हो, कागदावर. मूळ कागदांच्या झेरॉक्स दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर. आधार जिथे चालेल तिथे मास्क्ड द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

हे एकट्या पत्रकारांसाठी किंवा नेत्यांसाठी नाही. त्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर नाव असलेल्या बाईसाठी आहे. तिने काही गुन्हा लपवलेला नाही. तिला फक्त आपल्या घरची बातमी आपण सांगेपर्यंत आपल्याकडेच ठेवायची असेल. तो तिचा हक्क आहे.

काल पुन्हा त्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. मागच्या वेळी आमचं दहा मिनिटं बोलणं झालं होतं. भिंतीवरच्या नंबराखाली आता स्केच पेनने एक ओळ लिहिली आहे. प्रिंट झाल्यावर आपली फाईल आपल्यासमोर डिलीट करून घ्यावी. मी बघत उभा राहिलो तर दादा म्हणाला, "काय साहेब, बरोबर लिहिलंय ना?" म्हटलं, एकदम बरोबर.

आता तुमचं सांगा. तुमच्या घरातल्या ट्रंकेची चावी कुठे असते हे तुमच्याशिवाय आणखी कुणाला माहीत आहे? आज रात्री जेवताना घरी विचारा. आणि उत्तर कमेंटमध्ये लिहू नका.